टुरिंग मोटरसायकलचे फेअरिंग घरीच बदलताना

मागच्या हिवाळ्यात आर्वीहून पुलगावकडे येताना तुरीच्या शेतातून एक रोही (नीलगाय) अचानक रस्त्यावर आला, ब्रेक दाबताच पुढचे चाक घसरले आणि माझी अडीचशे सीसीची, फेअरिंगवाली (म्हणजे पुढून आणि बाजूंनी प्लास्टिकच्या पॅनेलचे आवरण असलेली) मोटरसायकल डाव्या कुशीवर पडून दहा-बारा फूट घासत गेली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण डाव्या बाजूचे वरचे पॅनेल उभे चिरले, खालच्या पॅनेलचे दोन कान, म्हणजे बोल्टची भोके असलेले कडेचे तुकडे, तुटले आणि इंडिकेटर वायरला लोंबकळू लागला. जवळचे मोठे वर्कशॉप जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. शिवाय पूर्वी एका ठिकाणी साध्या सर्व्हिसिंगला दिलेली गाडी परत आली तेव्हा फेअरिंगचे तीन बोल्ट गायब होते आणि एक कान मोडून आतल्या आत चिकटवलेला होता. म्हणून हे काम घरीच करायचे ठरवले. पहिल्या वेळी मला दोन दिवस लागले, आता तेच काम मी पाच तासांत करतो. या कामाला ताकद जवळजवळ लागत नाही. फेअरिंग जितके रस्त्यावर फुटते तितकेच ते काढताना आणि बसवताना फुटते, आणि पुढचे सगळे लेखन मुख्यतः ते कसे टाळावे याबद्दल आहे.

अपघातानंतर विम्याचा दावा करायचा असेल, तर कंपनीला कळवून सर्व्हेअरने गाडी पाहिल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये. मात्र दावा करण्यापूर्वी थोडा हिशेब मांडावा. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापला जातो, त्यातून स्वतःचा ठरलेला हिस्सा वजा होतो आणि दावा केला म्हणून पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हाही जातो. हा बोनस एक वर्ष दावा न केल्यास २० टक्के असतो आणि पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत वाढतो. झिरो डेप्रिसिएशनची, म्हणजे घसारा न कापण्याची, जोड घेतलेली असेल तर चित्र वेगळे, नाहीतर एखाद-दुसऱ्या पॅनेलसाठी दावा परवडत नाही, असा माझा अनुभव आहे.

भाग मागवताना

पॅनेल नेहमी चॅसी नंबर सांगून मागवावे, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक खाचा, बोल्टची भोके आणि रंग बदललेले असतात. नुसते ‘लाल’ म्हणून भागत नाही, रंगाचा कोड द्यावा लागतो. कंपनीचे पॅनेल महाग वाटले तर बाजारात मिळणारेही चालते, पण ते इंजेक्शन मोल्डिंगचे, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून केलेले, असावे आणि भोके नेमकी जुळतीलच असे समजू नये. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, त्यामुळे हौसेने सगळे फेअरिंग दुसऱ्या रंगाचे घेतले तर आरटीओकडे तशी नोंद करून घ्यावी लागते.

पॅनेलपेक्षा जास्त लक्ष बारीकसारीक वस्तूंकडे द्यावे. नवे पॅनेल बहुतेक वेळा नुसतेच येते. त्यासोबत वेलनट, म्हणजे रबरी नळीत पितळी नट असलेले ते तुकडे, पत्र्याचे क्लिप-नट, भोकात बसणारी रबरी कडी म्हणजे ग्रोमेट, बोल्टभोवतीची लोखंडी नळी म्हणजे बुश आणि प्लास्टिकच्या पुश क्लिप येत नाहीत. जुन्यातले काही निघताना तुटणारच हे गृहीत धरून प्रत्येकी चार-पाच जास्तीचे मागवावेत. दोन रुपयांच्या क्लिपपायी खोललेली गाडी आठ दिवस छपरीत उभी ठेवण्याची वेळ खेड्यात सहज येते.

जागा, वेळ आणि हत्यारे

विदर्भात हे काम कधी करावे, याला फार महत्त्व आहे. फेअरिंगचे बहुतेक भाग एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि ते एक मीटर लांबीमागे, तापमानाच्या प्रत्येक अंशाला, साधारण ०.०८ मिलिमीटर वाढते. लोखंडाची वाढ त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकीच असते. म्हणजे ६० सेंटिमीटरचे पॅनेल सावलीतून उन्हात गेले आणि २५ अंशांनी तापले, तर ते सव्वा मिलिमीटरभर लांब होते, पण ज्या लोखंडी ब्रॅकेटवर ते बसते तो मात्र तेवढा वाढत नाही. मे महिन्यात अंगणात तापलेले पॅनेल ओढूनताणून बसवले की रात्री ते आक्रसते आणि कानाच्या बुडाशी ताण येऊन चीर पडते. डिसेंबर-जानेवारीच्या गार पहाटे उलटी अडचण येते. तेव्हा प्लास्टिक कडक असते आणि पॅनेलच्या पाठीवरची, ग्रोमेटमध्ये बसणारी खुंटी ओढताच ती काचेसारखी तुटते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सावलीत आणि हिवाळ्यात ऊन चढल्यावर काम करावे, आणि नवे पॅनेल आदल्या रात्रीपासून गाडीशेजारीच ठेवावे, म्हणजे दोन्हींचे तापमान सारखे राहते.

जागा सपाट आणि शेणाने सारवलेली नसून फरशीची किंवा सिमेंटची असावी, कारण मातीत पडलेला काळा बोल्ट सापडत नाही. जुनी सतरंजी किंवा धुतलेला बारदाना अंथरला तर उतरवलेल्या पॅनेलच्या रंगाला ओरखडे पडत नाहीत. गाडी साइड स्टँडवर तिरपी ठेवून हे काम करू नये. मागच्या चाकाला ते उचलून धरणारा पॅडॉक स्टँड लावून ती सरळ उभी करावी आणि पुढच्या ब्रेकचा दांडा रबराने मुठीशी बांधून ठेवावा.

हत्यारे थोडीच लागतात. ३, ४ आणि ५ मिलिमीटरच्या ॲलन की, ८ आणि १० मिलिमीटरचे सॉकेट, चांगल्या टोकाचा चौफुली पेचकस, टॉर्च, कागदी चिकटपट्टी आणि मोजायचा टेप एवढ्यावर भागते. ॲलन कीवर मात्र कंजुषी करू नये. झिजलेल्या कीने बोल्टचे डोके एकदा गोल झाले की तो काढण्यात अर्धा दिवस जातो. बोल्ट ठेवण्यासाठी बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा, त्यावर पॅनेलचा ढोबळ आकार काढावा आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवावा. यात केवळ टापटीप नाही. फेअरिंगचे बोल्ट दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात, आणि रेडिएटरजवळच्या भोकात पाच मिलिमीटर जास्तीचा बोल्ट गेला तर त्याचे टोक थेट रेडिएटरच्या जाळीला भिडू शकते.

खोलण्यापूर्वी आणखी एक काम आदल्या रात्री उरकावे. गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करून, चाकांच्या जागा खडूने आखून, स्वतः सीटवर बसून डिपरचा प्रकाश भिंतीवर जिथे कापला जातो तिथे रेघ मारून घ्यावी. काम झाल्यावर याच रेघेवर हेडलाइट जुळवायचा असतो. हेडलाइट अपघातातच हलला असेल तर ही रेघ उपयोगाची नाही, तेव्हा तो शेवटी वेगळा जुळवून घ्यावा.

उतरवणे

सुरुवात सीटपासून करावी. सीट काढून बॅटरीची ऋण तार, म्हणजे काळी तार, आधी सोडवावी, कारण पुढे हेडलाइट आणि इंडिकेटरचे प्लग उघडे राहणार असतात. मग रेडिएटरसमोर एक जाड पुठ्ठा सरकवून ठेवावा, म्हणजे निसटलेली की त्याच्या नाजूक पात्यांवर जाणार नाही.

त्यानंतरचा क्रम साधारणपणे वारा अडवणारी पुढची काच, आरसे, इंजिनाखालचा पोटाचा भाग, खालची बाजूची पॅनेल, वरची बाजूची पॅनेल आणि शेवटी हेडलाइटभोवतीचे तोंड असा राहतो. गाडीगणिक यात फरक पडतो, पण जे पॅनेल दुसऱ्यावर चढलेले असते ते आधी निघते, हा नियम सगळीकडे लागू होतो. अनेक गाड्यांत आरशाचा बोल्ट तोंडाच्या पॅनेलमधून आरपार जाऊन आतल्या लोखंडी ब्रॅकेटला धरतो. आरसा काढताच तो भाग खाली लोंबतो, म्हणून दुसरा हात खाली धरलेला असावा. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढावेत, आणि ते जवळून काढण्यापेक्षा वायर कशाच्या मागून कशाच्या पुढे आली आहे हे दिसेल इतक्या अंतरावरून काढावेत.

पुश क्लिप दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात मधली टिकली बोटाने किंवा कीच्या टोकाने हलकेच आत दाबली की क्लिप सैल होते. दुसऱ्या प्रकारात मधली टिकली नखाने किंवा चपट्या पेचकसने वर उचलावी लागते. कोणता प्रकार आहे हे न पाहता पहिल्या प्रकाराची क्लिप पकडीने ओढली की तिचे पाय तुटतात. ती परत लावताना टिकली आधी वर ओढून घ्यावी, क्लिप भोकात बसवावी आणि मग टिकली पृष्ठभागाला समतल होईल इतकीच दाबावी.

बोल्ट फिरतो पण निघत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. अशा वेळी मागचा वेलनट किंवा क्लिप-नटच बोल्टसोबत फिरत असतो. पॅनेल हलकेच आपल्याकडे ओढून धरले की रबर भोकाला आवळले जाते आणि बोल्ट सुटतो. तरीही न सुटल्यास मागून पातळ पेचकस घालून नट धरावा लागतो. गंजलेल्या बोल्टला गंज सोडवणारे तेल लावायचे झाल्यास काडीने थेंबभरच लावावे. स्प्रे मारू नये, कारण प्लास्टिकवर उडालेले तेल ताणाच्या जागी हळूहळू चिरा पाडते. पेट्रोल आणि थिनर तर त्याहून वाईट. आपल्याकडे साखळीचे ग्रीस पेट्रोलने पुसायची सवय असते, तेच फडके पॅनेलवर फिरू देऊ नये. साबणाचे पाणी पुरेसे असते.

सगळे बोल्ट निघाल्यावरही पॅनेल जागचे हलत नाही, कारण ते खाचा आणि खुंट्यांवरही अडकलेले असते. खुंटी रबरी ग्रोमेटमध्ये रुतलेली असते आणि ती सरळ रेषेतच बाहेर येते. म्हणून दोन्ही तळहात पॅनेलच्या मागे, खुंटीच्या शक्य तितके जवळ घालून, काटकोनात, थोड्या झटक्याने ओढावे. कडेला धरून दाराच्या कवाडासारखे उघडायला गेल्यास खुंटी बुडापासून मोडते. खाचेतला भाग मात्र ओढून निघत नाही, तो पुढे किंवा मागे सरकवावा लागतो, आणि कोणत्या दिशेने ते शेजारच्या फटीत टॉर्च मारून पाहिल्यास कळते. एवढे करूनही पॅनेल हट्ट धरून बसले, तर जोर वाढवण्याऐवजी थांबून बोल्ट शोधावा, कारण कुठेतरी एक शिल्लक राहिलेलाच असतो. माझ्या गाडीत तो टाकीच्या पुढच्या कोपऱ्याखाली, रबरी टोपीआड लपलेला होता. त्याच्या शोधात मी तासभर घालवला, आणि तेवढ्यात रस्त्याने जाणारे एक काका कुंपणावरून विचारून गेले, ‘काऊन भाऊ, अख्खी गाडीच खोलून टाकली?’

पॅनेल सुटले तरी लगेच दूर नेऊ नये. आतून इंडिकेटरची वायर जोडलेली असते. प्लगची कळ दाबून, वायरला नव्हे तर प्लगच्या अंगाला धरून तो सोडवावा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ‘डावा’, ‘उजवा’ असे लिहावे.

उघड्या गाडीचे आतले दर्शनही घ्यावे. शेतशिवारात उभ्या राहणाऱ्या गाडीत फेअरिंगआड कुंभारीण माशीची मातीची घरटी, पऱ्हाटीचा कचरा आणि पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हमखास सापडतात. माझ्याकडे हॉर्नच्या वायरीचे आवरण दोन बोटे सोललेले निघाले. कुरतडलेली वायर नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळून सोडू नये. जोडाला सोल्डरचा डाग देऊन, त्यावर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवून तो बंद करावा, कारण पुढच्या खेपेला इथे हात पोचायला पुन्हा हेच सगळे खोलावे लागेल.

ब्रॅकेट सरळ आहे का

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग नवे पॅनेल सदोष आहे म्हणून विक्रेत्याशी भांडतात. गाडी पडते तेव्हा प्लास्टिकआधी धक्का पुष्कळदा आरशाला बसतो आणि आरशामार्फत तो पुढच्या लोखंडी ब्रॅकेटपर्यंत पोचतो. पाच-सहा मिलिमीटरची वाक डोळ्याला दिसत नाही, पण तेवढ्याने कोणतेही पॅनेल जुळणार नाही.

तपासणीला गवंड्याचा ओळंबा आणि टेप पुरतो. गाडी सरळ उभी करून हँडल मध्यावर ठेवावे. ब्रॅकेटवरच्या डाव्या आणि उजव्या बोल्टच्या भोकांची फरशीपासूनची उंची मोजावी, मग त्याच दोन भोकांची स्टीअरिंगच्या मधल्या नटापासूनची अंतरे मोजावीत, आणि शेवटी मध्यावर ओळंबा सोडून ब्रॅकेटचे नाक एका बाजूला गेले आहे का ते पाहावे. फरशी उतरती असेल तर उंचीचे माप फसवते, म्हणून आधी दोन्ही मुठींची उंची मोजून ती सारखी आहे याची खात्री करावी. माझ्या गाडीत डावे भोक नऊ मिलिमीटर मागे गेलेले होते.

वाकलेला ब्रॅकेट गाडीवर असतानाच पाइप घालून ओढण्याचा मोह होतो, तो आवरावा. ब्रॅकेट ज्या कानांवर बसतो ते चॅसीचे भाग असतात, आणि ते तडकले तर गोष्ट फेअरिंगच्या पलीकडे जाते. ब्रॅकेट सोडवून, वाइसमध्ये धरून, उजव्या बाजूची मापे पुठ्ठ्यावर आखून त्यानुसार डावी बाजू हळूहळू सरळ करावी. त्याचा डाग सुटलेला असेल तर तो गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे सुटा न्यावा. गाडीवर वेल्डिंग करू देऊ नये, कारण तो प्रवाह गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांतून जाऊ शकतो. वाक मोठी असेल किंवा नळी चेपली असेल तर ब्रॅकेट नवाच घ्यावा.

जुन्यावरून नव्यावर

दोन्ही पॅनेल बारदान्यावर शेजारी शेजारी, पाठ वर करून ठेवावीत. जुन्याच्या पाठीवर इंजिनाच्या बाजूला चंदेरी उष्णतारोधक पत्रा किंवा फॉइल आणि कडांना काळ्या स्पंजच्या पट्ट्या असतात. हे सगळे नव्यावर त्याच जागी आले पाहिजे. फॉइल लावायचे राहून गेले तर सायलेन्सरच्या पाइपाजवळ प्लास्टिक मऊ पडून वाकते. स्पंज लावायचा राहून गेला तर रेडिएटरमधून जायची हवा फटीतून निसटते, आणि उन्हाळ्यात चढावर किंवा गावातल्या गर्दीत पंखा सारखा चालू राहतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या ४५ अंशांच्या दुपारी हा फरक तापमानाच्या काट्यावर दिसतो. जुने फॉइल निघता निघेना तर उष्णता सोसणारी ॲल्युमिनियम चिकटपट्टी दोन थरांत लावावी.

त्यानंतर क्लिप-नट, बुश आणि ग्रोमेट हलवावेत. लोखंडी बुश विसरू नये. बोल्ट आवळल्यावर त्याचा दाब प्लास्टिकवर न येता या बुशवर येतो, आणि ती नसेल तर भोकाभोवती पहिल्याच महिन्यात ताऱ्यासारख्या चिरा उमटतात. भोक एखाद मिलिमीटर चुकलेले असेल तर गोल कानसीने ते लांबट करून वर रुंद वॉशर घालावे. ड्रिल मशीन चालवू नये, कारण तिचे पाते अडकून पॅनेल तडकते. स्टिकर लावायचे असल्यास ते पॅनेल गाडीवर चढल्यानंतर लावावेत, म्हणजे रेषा शेजारच्या पॅनेलशी जुळवता येतात.

बसवणे

चढवताना क्रम उलटा होतो, पण मी त्यात एक भर घालतो. आधी एकही नट न आवळता सगळी पॅनेल जागेवर धरून पाहावीत. खुंट्यांच्या ग्रोमेटला साबणाच्या पाण्याचे बोट फिरवले तर त्या कमी जोराने बसतात. तिथे तेल किंवा ग्रीस लावू नये. खाच आधी सरकवावी, मग खुंटी दाबावी आणि शेवटी बोल्ट घालावा.

प्रत्येक बोल्ट हाताने दोन-तीन आटे फिरेल इतकाच लावावा आणि सगळे लागेपर्यंत एकही घट्ट करू नये. एक कोपरा आधी आवळला की समोरच्या कोपऱ्याचे भोक अर्धे दिसेनासे होते, आणि मग माणूस बोल्टला तिरका ढकलतो. सगळे लागल्यावर मागे सरून दोन्ही बाजूंच्या फटी पाहाव्यात. फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसत असेल तर प्रथम चॅसीला आणि ब्रॅकेटला धरणारे बोल्ट आवळावेत, आणि प्लास्टिकला प्लास्टिक जोडणारे त्यानंतर. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बोल्टचा टॉर्क, म्हणजे तो किती जोराने आवळायचा ते माप, दिलेला असतो, आणि ते मोजणारा टॉर्क रेंच असेल तर तोच पाळावा. नसेल तर ॲलन कीची लांब बाजू बोल्टमध्ये घालून आखूड बाजू दोन बोटांनी फिरवावी. एवढ्याने जेवढा आवळला जाईल तेवढा पॅनेलच्या बोल्टला पुरतो.

बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांवर लावण्याचे निळे द्रव्य फेअरिंगच्या बोल्टला लावू नये. ते एबीएसला आणि काचेच्या पॉलिकार्बोनेटला लागले तर दोन्ही तडकतात. धातूच्या आट्यांना गंज धरू नये म्हणून तांब्याच्या ग्रीसचा पुसट हात पुरे. काचेचे बोल्ट सर्वांत हलक्या हाताने लावावेत. वेलनट मागे फुगून काच धरतो, त्यामुळे रबर फुगल्याचे बोटाला जाणवले की तिथेच थांबावे. प्लास्टिकची वॉशर काच आणि बोल्टच्या मध्ये गेली आहे हेही पाहावे.

प्लग जोडून, रेडिएटरसमोरचा पुठ्ठा काढून (मी एकदा तो तसाच ठेवून गाडी सुरू केली होती) बॅटरीची तार लावावी. मग हेडलाइट, डिपर, चारही इंडिकेटर, हॉर्न आणि ब्रेकलाइट तपासावेत. यानंतरची तपासणी जिवाशी निगडित आहे. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. कुठे पॅनेलला मूठ घासली, वायर ताणली गेली किंवा इंजिनाचा आवाज आपोआप वाढला, तर केबल चुकीच्या बाजूने गेली आहे. आवाज वाढणे म्हणजे वळताना ॲक्सिलरेटर ओढला जाणे. अशी गाडी रस्त्यावर काढू नये, पुन्हा खोलून फोटोप्रमाणे केबल फिरवावी. रात्री भिंतीवरच्या रेघेशी हेडलाइट जुळवला की घरचे काम संपते.

पहिली चाचणी खडबडीत पांदणीवर न घेता डांबरी रस्त्यावर घ्यावी. एखाद्या ठरावीक वेगालाच बारीक गुणगुण ऐकू आली तर दोन पॅनेल एकमेकांना भिडत आहेत असे समजावे आणि मध्ये पातळ फेल्टचा तुकडा चिकटवावा. बोल्ट अधिक आवळून ती थांबत नाही. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा हाताखालून घालावेत. माझे दोन सैल झालेले होते, दोन्ही पोटाच्या पॅनेलचे.

जुने पॅनेल भंगारवाल्याला देऊ नये. त्याच्या पाठीवर एबीएस असा ठसा असेल तर त्याचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजवल्यास घट्ट लेप तयार होतो, आणि पुढे कधी कान तुटला तर मागून तोच भरता येतो. पीपी (पॉलिप्रोपिलीन) असा ठसा असेल तर ते विरघळणार नाही. ॲसिटोनची वाफ पेट घेते, म्हणून बाटली चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून दूर, झाकण घट्ट लावून ठेवावी. माझे चिरलेले पॅनेल सध्या माळ्यावर आहे आणि त्यातून आतापर्यंत एका मित्राच्या गाडीचे तीन कान दुरुस्त झाले आहेत.